घरातील वीज, बॅटरी आणि छतावरील सौर संच : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छतावर सौर संच बसवावा का? बसवला तर किती किलोवॅटचा? त्यासोबत बॅटरी लागते का? वीज गेली तर पंखा चालेल का? या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी एक आकडा माहीत असावा लागतो : तुमच्या घरात महिन्याला किती युनिट वीज लागते. हा आकडा माहीत नसताना घेतलेला संच किंवा बॅटरी गरजेपेक्षा मोठी तरी निघते, नाहीतर अपुरी तरी पडते. दोन्ही वेळा पैसे तुमचेच जातात. म्हणून या लेखात आधी वीज मोजायची कशी ते सांगितले आहे आणि नंतर योजनेची माहिती दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- १,००० वॅटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट वीज खर्च होते.
- पीएम सूर्यघर : मोफत वीज योजनेत घरगुती सौर संचासाठी साधारणपणे कमाल ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान मिळते.
- बॅटरी नसलेला सौर संच वीज गेल्यावर बंद पडतो. तो बिघाड नसतो.
- योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करण्यासाठी शुल्क नाही.

प्रश्न १. वॅट, किलोवॅट आणि युनिट यांत फरक काय?

नळाची धार आणि भरलेली बादली यांत जो फरक आहे, तोच वॅट आणि युनिट यांत आहे. उपकरण किती वेगाने वीज घेते ते वॅट सांगते, म्हणजे ती नळाची धार. ठरावीक वेळात एकूण किती वीज खर्च झाली ते युनिट सांगते, म्हणजे भरलेली बादली. १,००० वॅट म्हणजे १ किलोवॅट. १ किलोवॅटचे उपकरण १ तास चालले की मीटर १ युनिट पुढे जातो. याच युनिटला किलोवॅट-तास असेही म्हणतात.

हिशोब असा करा :

उपकरणाचे वॅट × वापराचे तास ÷ १,००० = युनिट

वॅटचा आकडा उपकरणाच्या मागे किंवा खाली लावलेल्या पट्टीवर छापलेला असतो.

प्रश्न २. घरातील कोणते उपकरण किती वीज घेते?

खालील आकडे साधारण आहेत. तुमच्या उपकरणावरील आकडा वेगळा असेल तर तो धरा.

- एलईडी बल्ब (९ वॅट) : ५ बल्ब २२ तास चालल्यावर सुमारे १ युनिट
- छताचा साधा पंखा (७५ वॅट) : सुमारे १३ तासांत १ युनिट
- कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा (३० वॅट) : सुमारे ३३ तासांत १ युनिट
- ३२ इंची एलईडी टीव्ही (५० वॅट) : २० तासांत १ युनिट
- एका दाराचा लहान फ्रिज : दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण युनिट
- इस्त्री (१,००० वॅट) : सतत तापत राहिली तर १ तासात १ युनिट
- गिझर (२,००० वॅट) : अर्ध्या तासात १ युनिट
- इंडक्शन शेगडी (पूर्ण आचेवर २,००० वॅट) : अर्ध्या तासात १ युनिट
- मोबाइल : एकदा पूर्ण चार्ज करायला इतकी कमी वीज लागते की १ युनिटमध्ये साधारण ४० वेळा चार्जिंग होते

म्हणजे मोबाइल चार्जिंगने बिल वाढत नाही. बिल वाढते ते दोन प्रकारच्या उपकरणांनी : पाणी, अन्न किंवा हवा तापवणारी व थंड करणारी उपकरणे, आणि पंखा, फ्रिज यांसारखी बराच वेळ चालणारी उपकरणे.

प्रश्न ३. एका साध्या घराचा महिन्याचा हिशोब कसा होतो?

उदाहरणादाखल चार जणांचे एक घर घेऊ. रोजचा वापर असा आहे :

- ९ वॅटचे ४ बल्ब, ५ तास : ०.१८ युनिट
- ७५ वॅटचे २ पंखे, १० तास : १.५० युनिट
- ५० वॅटचा टीव्ही, ४ तास : ०.२० युनिट
- लहान फ्रिज : ०.६० युनिट
- ५०० वॅटची पाण्याची मोटर, अर्धा तास : ०.२५ युनिट
- ५०० वॅटचा मिक्सर, १० मिनिटे : ०.०८ युनिट
- २ मोबाइल : ०.०५ युनिट

एकूण रोज २.८६ युनिट, म्हणजे ३० दिवसांचे सुमारे ८६ युनिट. यातील निम्म्याहून अधिक वीज फक्त दोन पंख्यांची आहे. त्या जागी ३० वॅटचे पंखे बसवले तर रोज ०.९० युनिट, म्हणजे महिन्याला २७ युनिट वाचतात आणि वापर ५९ युनिटवर येतो. वरचा हिशोब कागदावर तुमच्या घराचे आकडे घालून एकदा करून पाहा.

प्रश्न ४. शेजाऱ्याचे आणि माझे युनिट सारखेच असतात, तरी बिल वेगळे का येते?

बिलात फक्त युनिटचे पैसे नसतात. स्थिर आकार, वीज शुल्क, इंधन समायोजन आकार, मागील थकबाकी आणि विलंब आकार हेही त्यात धरलेले असतात. स्थिर आकार वीज वापरली नाही तरी द्यावा लागतो. मंजूर भार वेगळा असेल तर काही राज्यांत हा आकारही वेगळा असतो.

युनिटचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत. या पद्धतीत १०१ वे युनिट पडले म्हणून आधीची १०० युनिटे महाग होत नाहीत. वाढीव दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो. मात्र सर्व राज्यांत पद्धत सारखी नाही. दर त्या त्या राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. गोवा आणि काही केंद्रशासित प्रदेशांसाठी संयुक्त वीज नियामक आयोग आहे. म्हणून तुम्ही बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यात राहत असाल, तर महाराष्ट्रातील नातेवाइकाच्या बिलाशी तुमच्या बिलाची तुलना करू नका.

प्रश्न ५. बिल अचानक दुप्पट आले. काय करावे?

घाबरून लगेच तक्रार लिहिण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने तपासा :

१. बिलावरील चालू रीडिंग आणि मीटरवरील आकडा जुळतो का ते पाहा. मीटरवरील आकडा आज बिलापेक्षा थोडा पुढे असणे स्वाभाविक आहे. तो मागे असेल तर रीडिंग चुकले आहे.
२. बिल किती दिवसांचे आहे ते पाहा. दोन महिन्यांचे एकत्र बिल आले असेल तर ते मोठे दिसेलच.
३. बिलावर ‘सरासरी’ असे लिहिले आहे का ते पाहा. याचा अर्थ प्रत्यक्ष रीडिंग घेतलेले नाही.
४. मेन स्विच चालू ठेवून घरातील सर्व बटणे बंद करा आणि फ्रिजसह सर्व प्लग काढा. तरीही मीटरवरील लाल दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज गळत आहे किंवा तुमच्या मीटरवरून दुसरीकडे जात आहे. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्या.

यातून कारण सापडले नाही तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास वितरण कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवायचा असतो. तो किमान ३ महिने ठेवून दोन्ही मीटरचे आकडे ताडून पाहिले जातात. वीजविषयक तक्रारींसाठी १९१२ हा मदत क्रमांक आहे.

प्रश्न ६. पीएम सूर्यघर योजनेत किती अनुदान मिळते?

ही योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. १ कोटी घरांच्या छतावर सौर संच बसवणे हे तिचे उद्दिष्ट असून योजनेचा कालावधी २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. घरगुती ग्राहकांना मिळणारे केंद्रीय अनुदान असे :

- १ किलोवॅट : ३०,००० रुपये
- २ किलोवॅट : ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा अधिक : ७८,००० रुपये

ईशान्येकडील राज्ये, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, लडाख, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे हे अनुदान १० टक्के अधिक आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, अनुदान म्हणजे संचाची पूर्ण किंमत नव्हे. उरलेली रक्कम तुम्हाला भरायची असते. त्यासाठी ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला बँका तारण न घेता कमी व्याजाने कर्ज देतात. दुसरी, अनुदान संच बसून सुरू झाल्यानंतर थेट बँक खात्यात जमा होते. त्यामुळे आधी पैशांची सोय करावी लागते.

प्रश्न ७. ३ किलोवॅटला अनुदान जास्त आहे. मग तोच संच घ्यावा का?

अनुदानाचा आकडा पाहून संच निवडू नका. युनिट पाहून निवडा. १ किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज तयार करतो. पावसाळ्यात हे प्रमाण कमी होते. १ किलोवॅटसाठी सावली न पडणारी सुमारे १० चौरस मीटर जागा लागते.

सरकारने सुचवलेले प्रमाण असे आहे :

- महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर : १ ते २ किलोवॅट
- १५० ते ३०० युनिट : २ ते ३ किलोवॅट
- ३०० युनिटच्या पुढे : ३ किलोवॅटपेक्षा अधिक

प्रश्न ३ मधील ८६ युनिटच्या घराला १ किलोवॅटचा संच पुरतो. त्या घराने ३ किलोवॅटचा संच घेतला तर अनुदान ४८,००० रुपयांनी वाढेल हे खरे. पण संचाची किंमतही वाढेल, आणि तयार झालेली बरीचशी वीज घरात वापरलीच जाणार नाही. मागील १२ महिन्यांची बिले काढा, सर्व युनिटांची बेरीज करा आणि तिला १२ ने भागा. येणारी सरासरी विक्रेत्यापुढे ठेवा.

प्रश्न ८. सौर संच बसवल्यावर बिल शून्य येईल का?

प्रत्येक वेळी नाही. दिवसा संच वीज तयार करतो. घरात लागेल तेवढी वापरली जाते आणि उरलेली वीज कंपनीच्या तारांत जाते. रात्री तुम्ही कंपनीची वीज घेता. गेलेली आणि घेतलेली अशी दोन्ही युनिटे नेट मीटर मोजतो आणि बिल फरकाचे येते. जास्तीची युनिटे पुढच्या बिलात जमा धरली जातात. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचे काय करायचे ते राज्याच्या नियमानुसार ठरते. स्थिर आकार मात्र भरावा लागू शकतो.

प्रश्न ९. वीज गेल्यावर सौर संचावर पंखा, दिवे चालतील का?

बॅटरी नसलेल्या संचावर चालणार नाहीत, भर दुपारी ऊन असले तरीही. कारण सुरक्षिततेचे आहे. वीज गेल्यावर लाइनमन खांबावर किंवा तारेवर काम करत असतो. अशा वेळी तुमच्या छतावरून तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून बाहेरचा पुरवठा बंद होताच संचाचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो आणि पुरवठा आल्यावर पुन्हा सुरू होतो.

तुमच्या भागात वीज फारशी जात नसेल तर बॅटरीची गरज नाही. रोज काही तास वीज जात असेल तर बॅटरी जोडता येणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरची चौकशी करा. मात्र अनुदान सौर संचाच्या क्षमतेवर मिळते. बॅटरीचा खर्च तुमचा असतो.

प्रश्न १०. इन्व्हर्टरची बॅटरी किती तास चालते?

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे तिची साठवण. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी : १२ × १५० = १,८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट.

ही सर्व वीज हाती येत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते, आणि काही वीज इन्व्हर्टरमध्ये उष्णतेच्या रूपात वाया जाते. प्रत्यक्षात १.१ युनिटच्या आसपास वापर धरावा. ७५ वॅटचे २ पंखे आणि ९ वॅटचे ४ बल्ब मिळून १८६ वॅट होतात. म्हणजे नवी बॅटरी सुमारे ६ तास चालेल. बॅटरी जुनी होत जाते तसे तास कमी होतात. त्याच बॅटरीवर ३० वॅटचे पंखे लावले तर ती ११ तासांच्या पुढे जाते.

आणखी एक गोष्ट : बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. १ युनिट परत मिळण्यासाठी साधारण सव्वा ते दीड युनिट भरावी लागते. त्यामुळे नुसत्या इन्व्हर्टर-बॅटरीने बिल कमी होत नाही, थोडे वाढतेच.

प्रश्न ११. बॅटरीची काळजी कशी घ्यावी? जुनी बॅटरी कुठे द्यावी?

- बॅटरी हवेशीर जागी ठेवा. चार्ज होताना तिच्यातून ज्वलनशील वायू निघतो. जवळ देवघरातील दिवा, चूल किंवा विडी-काडी नको.
- पाण्याची पातळी दर एक-दोन महिन्यांनी पाहा. फक्त बॅटरीचे शुद्ध केलेले पाणी घाला. नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नका.
- आतील द्रव आम्ल आहे. अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखान्यात जा.
- विजेवर चालणारी दुचाकी तिच्या स्वतःच्या चार्जरनेच चार्ज करा. ती जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दारासमोर चार्जिंगला लावू नका. आग लागल्यास बाहेर पडायची वाट बंद होते.

जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी फोडू नका आणि कचऱ्यात टाकू नका. तिच्यातील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात दिली की तिची किंमतही वजा होते.

प्रश्न १२. सूर्यघर योजनेसाठी अर्ज कसा करावा?

पात्रता : अर्जदार भारतीय नागरिक असावा, छत योग्य असावे, चालू वीज जोडणी असावी आणि सौर संचासाठी आधी अनुदान घेतलेले नसावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या नावावर वीज जोडणी असेल आणि घरमालकाने छत वापरण्याची परवानगी दिली असेल, तर तेही विचारणा करू शकतात.

१. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी, बिलावरील ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करा.
२. छतावरील सौर संचासाठी अर्ज भरा. १० किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक तपासणीच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.
३. पोर्टलवरील नोंदणीकृत विक्रेत्यांकडून दर मागवा. किमान दोन-तीन दरपत्रके घेऊन तुलना करा. अनुदानासाठी भारतात बनवलेले सौर पॅनेल आवश्यक आहेत. ५ वर्षांच्या देखभालीची अट लेखी घ्या.
४. संच बसल्यावर त्याचा तपशील भरा आणि नेट मीटरसाठी अर्ज करा.
५. वीज कंपनीची तपासणी झाल्यावर संच सुरू झाल्याचे प्रमाणपत्र मिळते.
६. बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश अपलोड करा. त्यानंतर साधारण ३० दिवसांत अनुदान जमा होते.

योजनेचा मदत क्रमांक १५५५५ आहे. काही राज्ये स्वतःचे जादा अनुदानही देतात. त्याची चौकशी तुमच्या वीज कंपनीच्या कार्यालयात करा.

प्रश्न १३. आमच्या वस्तीपर्यंत वीजच आलेली नाही. आमच्यासाठी काय?

सूर्यघर योजना वीज जोडणी असलेल्या घरांसाठी आहे. जोडणी नसेल तर आधी वीज कंपनीकडे नव्या जोडणीचा अर्ज करा. २०२४ च्या दुरुस्तीनुसार नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. डोंगराळ ग्रामीण भागात ती ३० दिवस आहे.

तारा पोहोचणे शक्य नसलेल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या वस्त्यांसाठी पीएम-जनमन अभियानात बॅटरीसह स्वतंत्र सौर संच देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे समूह यात येतात. ग्रामसेवकाकडे किंवा आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात विचारणा करा.

प्रश्न १४. शॉक आणि आग टाळण्यासाठी काय करावे?

- गिझर, इंडक्शन, मोठा हीटर यांना १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्यास तारा तापतात.
- तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन अर्थिंगची असते. ती कापू नका. घराची अर्थिंग तपासून घ्या.
- मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवा. वीज गळती होताच ते पुरवठा तोडते. फ्यूज हे काम करत नाही.
- कुणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर करा आणि ११२ वर फोन करा.

प्रश्न १५. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा संदेश आला. खरा आहे का?

अनोळखी मोबाइल क्रमांकावरून आलेल्या अशा संदेशावर विश्वास ठेवू नका. त्यातील क्रमांकावर फोन करू नका, लिंक उघडू नका, अ‍ॅप घेऊ नका आणि ओटीपी सांगू नका. ‘अनुदान मंजूर करून देतो, आधी शुल्क भरा’ असे म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

निर्णय घेण्याआधी हे हाताशी ठेवा

- मागील १२ महिन्यांची बिले आणि त्यांवरून काढलेली महिन्याची सरासरी युनिटे
- बिलावरील ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार
- सावली न पडणाऱ्या छताचे माप
- दिवसाला साधारण किती तास वीज जाते याची नोंद
- विक्रेत्यांची लेखी दरपत्रके

यातील पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची. ती पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका आणि आगाऊ रक्कम देऊ नका.